मच्छरदाणीतले आणि वाळूतले

संध्याकाळी साडेसात वाजले की आई टीव्हीचा आवाज कमी करते आणि खुर्ची माशांच्या टाकीकडे वळवून बसते. टाकीचे दिवे आठला बंद होतात, पण तोपर्यंत निम्मं घर झोपलेलं असतं. लेपर्ड सगळ्यात आधी जाते, बहुतेक सातच्या सुमारास, कुणाला न दिसता. मग पिवळा उजव्या कोपऱ्यात येतो, वाळूला पोट टेकेल इतका खाली उतरतो, अंग वळवून एकदा इकडे एकदा तिकडे बघतो, आणि डोकं खाली घालून नाहीसा होतो. जागेवर चिमूटभर वाळू उडालेली दिसते, ती बसली की काहीच नाही. "दोन," आई म्हणते. दोन एक्स्क्विझिट आपापल्या कपारीत शिरतात. शेवटी फ्लॅशर, ज्याला दिवसभर मिरवून झालं तरी समाधान नसतं. तो मागच्या दगडाआड गेला की आईचे पाच पूर्ण होतात आणि मग आम्ही जेवायला बसतो.

हे पाचही रॅस, खाऱ्या पाण्यातले मासे. इंग्रजी स्पेलिंग बघून काही जण 'व्रास' म्हणतात, पण तो पहिला डब्ल्यू मुका आहे. पाचशेहून जास्त जातींचं हे कुळ. त्यात बोटाएवढे मासे आहेत आणि दोन मीटरपर्यंत वाढणारा नेपोलियनही आहे. पोहायची तऱ्हा मात्र बहुतेकांची एकच. शेपटी नुसती मागे धरलेली असते आणि गालांपाशी असलेले दोन पर वल्ह्यासारखे चालतात. होडी वल्हवतात तसे. म्हणूनच ते इतर माशांसारखे वाहत जात नाहीत, उडत असल्यासारखे दिसतात. मला हे मासे आवडायला लागले ते या एका गोष्टीमुळे.

नवीन माणसं रॅस घ्यायला निघतात तेव्हा रंग विचारतात, किंमत विचारतात, आणि फार तर 'भांडतो का हो?' असं विचारतात. मी आता दोनच गोष्टी आधी विचारते. हा झोपतो कुठे? आणि याच्या आधी घरात कोण कोण आलंय? पाच-सहा वर्षं टाकी सांभाळून, आणि काही मासे गमावून, मी या दोन प्रश्नांपाशी येऊन पोचले आहे.

झोपण्यावरून रॅसचे सरळ दोन गट पडतात. पिवळा, म्हणजे दुकानात ज्याला येलो कोरिस म्हणतात तो, त्याचा भाऊबंद मेलान्युरस, लेपर्ड, खरे कोरिस, हे सगळे वाळूत शिरून झोपतात. घाबरले तरी वाळूतच शिरतात. त्यांना निदान दोन-अडीच इंच बारीक वाळू हवी. जाड्या खडीत डोकं खुपसलं तर तोंड आणि अंग खरचटतं आणि जखम चिघळते. तळाला नुसती काच ठेवून 'स्वच्छ दिसते' म्हणणाऱ्याने हे मासे घेऊच नयेत. क्वारंटाइनच्या, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीत सुद्धा मी श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात वाळू भरून ठेवते. अंथरूण नसलेल्या माशाला औषध देऊन काय उपयोग?

दुसरा गट फेअरी (आमचे एक्स्क्विझिट त्यातलेच) आणि फ्लॅशर रॅसचा. हे कपारीत शिरतात आणि तोंडातून चिकट पातळ स्राव सोडून स्वतःभोवती एक पारदर्शक पिशवी विणतात. रात्री उशिरा टॉर्च लावून बघितलं तर मासा काचेच्या गोळ्यात ठेवल्यासारखा दिसतो. कल्ले संथ हलतात आणि पिशवीवर वाळूचे दोन-चार कण चिकटलेले असतात. सकाळी तो तिच्यातून बाहेर पडतो आणि ती रिकामी पिशवी प्रवाहाबरोबर तरंगत पंपाच्या जाळीला जाऊन अडकते. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही तर मच्छरदाणी." ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बरोबर होती. पॅरटफिशही रात्री अशीच पिशवी विणतात, आणि त्यांच्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की रात्री रक्त प्यायला येणाऱ्या बारीक परजीवींना ही पिशवी बाहेर ठेवते. तेव्हापासून आमच्याकडे दोनच जाती आहेत, मच्छरदाणीतले आणि वाळूतले.

झोपायच्या जागेचं एवढं का, हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण माझं लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. उन्हाळ्यात रात्री पुरुषमंडळी आणि आम्ही मुलं गॅलरीत झोपायचो. कुणाची गादी कुठे पडणार हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. एकदा एका नव्या बिऱ्हाडातल्या काकांनी नकळत जिन्याजवळच्या जागेवर सतरंजी टाकली. ती जागा वीस वर्षं एका आजोबांची होती. आजोबा काही बोलले नाहीत, पण महिनाभर त्या दोन घरांत साखरेची वाटी फिरली नाही. दिवसा ते दोघं एकाच नळावर पाणी भरत आणि बोलतही. भांडण जागेचं होतं, आणि जागा रात्रीची होती.

माझ्या टाकीतली पहिली चूक हीच होती. २०१९ साल. टाकी नवी, चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास पाणी. एका दुकानात सिक्सलाइन दिसला. जांभळट अंगावर केशरी आडव्या सहा रेघा, बोटाएवढा, चपळ, डोळे सारखे फिरते. "काटक आहे, मरत नाही, टाकीतले किडे खातो," असं मला सांगण्यात आलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौथी सांगितली गेली नाही, की हा मासा पहिला टाकला तर पूर्ण टाकी त्याची होते. प्रत्येक कपार त्याने तपासलेली, प्रत्येक भोक त्याचं. चार महिन्यांनी मी एक कार्पेंटर्स फ्लॅशर आणला. फ्लॅशर हे रॅसमधलं सगळ्यात गरीब लेकरू. पहिल्या दिवशी सिक्सलाइनने त्याला दगडाजवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीचे तुकडे झाले होते. तिसऱ्या दिवशी तो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा होता, तोंड पृष्ठभागाकडे, आणि खायला येत नव्हता. रात्री त्याला विणायला कपार नव्हती. मी ऑफिसातून आले तेव्हा तो गेलेला होता.

तो सिक्सलाइन वाईट नव्हता, हे मी आजही ठामपणे म्हणेन. समुद्रात त्याने पाठलाग केला असता तर समोरचा दहा फूट लांब गेला असता आणि विषय संपला असता. माझ्या चार फुटांत लांब जायला जागाच नव्हती. त्याला पकडायला मला तीन दिवस लागले. जाळं घेऊन मागे लागलं तर सगळे दगड उचलावे लागतात. शेवटी थंड पेयाची दोन लिटरची बाटली मानेपाशी कापली, वरचा भाग उलटा आत बसवला, आत ओला जवळा ठेवला आणि वाट बघितली. तिसऱ्या दुपारी तो आत गेला. एका मित्राकडे मोठे, जाड कातडीचे सर्जनफिश आहेत, त्यांच्यात तो आजही आहे आणि तिथे कुणाच्या वाट्याला जात नाही.

जवळ्यावरून सांगायचं तर, रॅसचं पोट सतत रिकामं असतं. समुद्रात ते दिवसभर टिपत असतात, त्यामुळे दिवसाला एकदा मूठभर टाकून भागत नाही. तीन वेळा थोडं थोडं लागतं. परदेशी गोठवलेलं खाद्य मिळतं, पण आमच्या स्टेशनबाहेरच्या कोळीणताई ताजा जवळा घेऊन आल्या की मी पावशेर घेते, तीन पाण्यांनी धुते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये लसणाच्या रसाबरोबर गोठवते. आई मालवणची. तिच्या हातात जवळा आला की तिचा जीव आधी चटणीकडे धावतो. "अर्धा माशांना, अर्धा आपल्याला," हा आमच्या घरातला करार आहे.

सिक्सलाइन गेल्यावर मी घाई केली नाही. एक ज्येष्ठ मित्र आहेत, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, त्यांनी मला क्रम शिकवला. सगळ्यात भित्रे आधी. लेपर्ड आणि फ्लॅशर आधी, मग फेअरी, मग पिवळ्यासारखे धीट, आणि सिक्सलाइन घ्यायचाच असेल तर सगळ्यांच्या शेवटी (मी म्हणते घेऊच नका). एकाच जातीचे घ्यायचे तर आधी माद्या, नंतर नर, किंवा एकदम. दोन फेअरी नर ठेवायचे तर वेगळ्या जातीचे, वेगळ्या रंगाचे, आणि शक्यतो एकाच दिवशी सोडायचे, म्हणजे कुणालाच 'मी आधीचा' म्हणता येत नाही. फेअरीतही स्वभाव सारखे नसतात. स्कॉट्स फेअरी दिसायला अप्रतिम, पण माझ्या आकाराच्या टाकीत फ्लॅशरबरोबर मी तो कधीच ठेवणार नाही. आणि 'रीफ सेफ', म्हणजे प्रवाळांच्या टाकीत चालणारा, या शब्दावर आंधळा विश्वास नको. पिवळा आणि मेलान्युरस प्रवाळांना हात लावत नाहीत, उलट त्यांच्यावरचे चपटे किडे आणि बारीक उपद्रवी गोगलगाई वेचून खातात, पण लहान कोळंबी हा त्यांना नाश्ताच वाटतो.

नवा मासा थेट सोडायचा नाही, ही दादांची दुसरी शिकवण. भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टाकीच्या आतच लटकवायची आणि त्यात नव्याला चार-सहा दिवस ठेवायचं. सगळ्यांनी एकमेकांना बघावं, वास घ्यावा, कल्ले फुगवून काय ते बोलून घ्यावं. ज्या दिवशी जुने पेटीसमोरून न थांबता निघून जायला लागतात, त्या दिवशी झाकण उघडायचं. तरी एखादा मागे लागलाच तर काचेला बाहेरून आरसा लावायचा. तो आरशातल्या स्वतःवर कल्ले फुगवत बसतो आणि नव्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आरसा मी पूर्वी बिनधास्त लावायचे. मग २०१९ सालचा जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांचा अभ्यास वाचला. त्यांनी क्लीनर रॅसच्या, म्हणजे इतर माशांची सफाई करणाऱ्या रॅसच्या, गळ्याखाली त्याला स्वतःला दिसणार नाही अशा जागी तपकिरी ठिपका काढला. आरशात तो ठिपका दिसल्यावर त्या माशांनी गळा तळावर घासला, जणू अंगावरचा किडा काढावा तसा. आरसा नव्हता तेव्हा घासला नाही. याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, ते चालू द्यात. पण त्यानंतर मी आरसा दहा मिनिटांच्या वर कधी ठेवला नाही. समोरच्याला काय दिसतंय याची मला खात्री उरली नाही.

क्लीनर रॅस मी घेत नाही, आणि कुणी विचारलं तर घेऊ नका असंच सांगते. लक्षद्वीपला अगत्तीच्या लगूनमध्ये मी पहिल्यांदा त्याचं दुकान पाहिलं. एका दगडापाशी मोठे मासे रांगेत आल्यासारखे थांबत होते, तोंड उघडत होते, आणि हा निळा बोटभर मासा त्यांच्या कल्ल्यांत शिरून सफाई करत होता. त्याचं पोट या गिऱ्हाइकांवर चालतं. टाकीत दहा मासे असले तर तो त्यांना दिवसभर छळतो किंवा स्वतः हळूहळू खंगतो. शिवाय तिकडे तो नसला तर काय होतं हे ऑस्ट्रेलियात लिझर्ड आयलंडजवळ तपासून झालंय. काही दगडांवरून साडेआठ वर्षं क्लीनर काढत राहिले, आणि तिथे माशांची संख्याही घटली, जातीही घटल्या. एवढासा मासा घरी आणायचा म्हणजे एका वस्तीचा डॉक्टर उचलून आणायचा.

हा प्रश्न माझ्या बाकीच्या माशांनाही लागू होतो, आणि मी तो टाळत नाही. मेलान्युरससारख्या एखाद्या रॅसची पिल्लं टाकीत वाढवण्यात यश आलंय, तरी आपल्याकडच्या दुकानांत दिसणारे जवळपास सगळे रॅस समुद्रातून पकडलेले असतात. इंडोनेशिया-फिलिपाइन्सकडे सायनाइड वापरून मासे गुंगवून पकडण्याचा जुना इतिहास आहे. असा मासा दुकानात छान दिसतो, खातो, आणि काही आठवड्यांत विनाकारण मरतो. म्हणून मी आधी विचारते, किती दिवस झाले येऊन? मग माझ्यासमोर खायला घालून दाखवायला सांगते. त्या दिवशी घेत नाही. आठवड्याने पुन्हा जाते, आणि तोच मासा तसाच खाताना दिसला तर घेते. दुकानदार सुरुवातीला वैतागायचे, आता "ताई, तुमचा अजून आहे" असा फोन करतात. खऱ्या प्रवाळांच्या बाबतीत तर प्रश्नच नको. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. माझ्या टाकीत फक्त मऊ प्रवाळ आणि झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातलग) आहेत, तेही मित्रांकडे वाढलेल्या वसाहतींचे तुकडे. झोअँथिड बघायला टाकीही लागत नाही. मोठ्या ओहोटीला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलं की पायाखालच्या डबक्यात त्यांचे गालिचे दिसतात. लेकीला पहिल्यांदा दाखवले तेव्हा तिने मागे वळून समोरच्या इमारतींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

मुंबईत रीफ टँक, म्हणजे अशी प्रवाळांची टाकी, ठेवायची म्हणजे मे महिन्याशी समोरासमोर भेट. माझ्या माशांना २५-२६ अंश बरं वाटतं आणि आमच्या हॉलमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड करणारं यंत्र) पाणी सहज ३१ वर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते. पुण्यातल्या मैत्रिणीचं नुसत्या पंख्यावर भागतं. वाऱ्याने पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. इथे हवेतच इतकी वाफ असते की पाणी उडायला तयार नसतं. म्हणून चिलर, आणि चिलरची गरम हवा हॉलमध्ये. विजेचं बिल मी दर महिन्याला गुमान भरते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण मुंबईची वीज गेली तेव्हा मी घरीच होते. बॅटरीवरचा एअर पंप लावला, बर्फाचं पाणी भरलेल्या बंद बाटल्या टाकीत तरंगवल्या, आणि लेकीने दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत लिहिलं. आमच्या मुलुंडला वीज परत यायला दुपार उलटली. ती वही अजून आहे, शेवटची नोंद २८.४.

झाकणाबद्दल मात्र मी सगळ्यांना बजावते. रॅस उडी मारतात. घाबरून मारतात, पाठलागात मारतात, अंधार अचानक झाला तर मारतात. काचेचं बंद झाकण उष्णता कोंडतं, म्हणून पाव इंची भोकांची बारीक पारदर्शक जाळी चौकटीत ताणून बसवायची. ती मी बसवली होती. तरी २०२२ च्या अनंत चतुर्दशीला माझा एक्स्क्विझिट नर गेला. रात्री मिरवणुका आमच्या रस्त्यावरून जात होत्या, ताशाचा थरकाप खिडकीच्या काचेत जाणवत होता, आणि टाकीत पाणी शहारल्यासारखं हलत होतं. मी गणपतीला निरोप द्यायला खाली गेले होते. जाळीच्या मागच्या कोपऱ्यात पंपाच्या वायरींसाठी दोन बोटांची फट ठेवली होती. तीनशे लिटरच्या टाकीत दोन बोटांची फट. सकाळी तो कपाटामागे सापडला. त्याचे डोळे अजून ओलसर होते. फेअरी रॅसच्या डोळ्यांत एक वेगळेपण असतं. बुबुळावरचा पडदा मधोमध दुभागलेला असतो, त्यामुळे जवळून बघितलं तर एका डोळ्यात दोन बाहुल्या दिसतात. जिवंतपणी तो इतका हलायचा की मला ते कधी नीट दिसलं नव्हतं. त्या सकाळी तळहातावर दिसलं.

फट त्याच दिवशी बुजवली. रोज रात्री मोजायची पद्धत त्यानंतरची. आदल्या रात्री कुणी मोजलं असतं तर कदाचित वेळेत कळलं असतं, आणि हे 'कदाचित' आईने स्वतःकडे घेतलं.

त्याच्या मागे दोन माद्या राहिल्या. दोघी लालसर, शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका, साध्या. मी मित्रांकडे नर मिळतो का विचारत होते. दादा म्हणाले, "थांब. काही आणू नकोस." दिवाळीच्या फराळाच्या दिवशी लेक चकली खात टाकीपाशी उभी होती, ती म्हणाली, "आई, मोठीच्या कडेला निळी रेघ आली." मी चष्मा घालून पाहिलं. पाठीच्या परावर निळी कड, बाजूच्या लालीवर हिरवट झाक. ती धाकटीभोवती पर ताठ करून फेऱ्या मारत होती. थंडी संपेपर्यंत ती पूर्ण नर झाली.

बहुतेक रॅसच्या बाबतीत हे निसर्गतःच ठरलेलं असतं. नर गेला की गटातली सगळ्यात मोठी मादी त्याची जागा घेते. १९७२ साली रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन आयलंडवर क्लीनर रॅसमध्ये ते बघितलं होतं. नर काढल्यावर दोनेक तासांतच मोठी मादी नरासारखी वागायला लागली, आणि चौदा-अठरा दिवसांत तिच्या शरीरात शुक्रबीज तयार झालं. म्हणजे आमच्याकडे लेकीला निळी रेघ दिसली त्याच्या कितीतरी आधी, बहुधा त्या अनंत चतुर्दशीच्या रात्रीच, टाकीतला निर्णय झालेला होता. मी कपाटामागे शोधत होते तेव्हा ती मोठी आधीच कामाला लागली असेल. म्हणून दुकानात रंगीत नर बघून तोच एकटा उचलू नये. मादी नसली की पुष्कळदा एकट्या नराचे रंग हळूहळू फिके पडतात. दोन साध्या लालसर माद्या घ्याव्यात आणि वाट बघावी. रंग घरी येतो.

लेपर्ड सर्वांत शेवटी आली. दादांच्या क्रमाप्रमाणे ती सगळ्यात आधी यायला हवी होती, पण तिला ताजी, काही काळच चालू असलेली टाकी चालत नाही. ती दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वेचून जगते, आणि ते पुरेसे वाढायला मला काही वर्षं जाऊ द्यावी लागली. तपकिरी अंगावर काळसर ठिपक्यांची घोंगडी, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत ती एकेक इंच दगड तपासते. इंडोनेशियातून आलेली. क्वारंटाइनमध्ये सोडताच ती श्रीखंडाच्या डब्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. नवख्यांची इथे चूक होते. ते वाळूत हात घालून बघतात. मी घातला नाही, पण झोपही लागली नाही.

मग लक्षात आलं, बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. ती माझ्या दिव्यांवर चालत नव्हती, तिच्या गावच्या सूर्यावर चालत होती. नवव्या रात्री साडेतीनचा गजर लावला आणि लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन बसले. चारला दहा कमी असताना वाळूचा एक बिंदू हलला, मग थोबाड, मग एक डोळा. तो डोळा फिरला, थांबला, परत फिरला. आई उठून मागे उभी राहिली होती ते मला कळलं नाही. "आली का गं?" तिने कुजबुजत विचारलं.

त्यानंतर मी क्वारंटाइनचे दिवे पहाटे लावून रोज पंधरा मिनिटं पुढे ढकलत तिला आमच्या वेळेवर आणलं. मोठ्या टाकीत आधी पेटी, पेटीतही वाळूची वाटी. फ्लॅशरने बघून न बघितल्यासारखं केलं. एक्स्क्विझिटनी एक दिवस कल्ले फुगवले. पिवळा मात्र तासन्‌तास पेटीसमोर थांबायचा, आणि मला त्याचीच भीती होती, कारण वाळू त्याची होती. डावा कोपरा तर त्याचा ठरलेला, चार वर्षं. सहाव्या दिवशी मी झाकण उघडलं. ती दिवसभर दगडांमागे राहिली. संध्याकाळी पावणेसातला बाहेर आली, सगळी वाळू सोडून नेमकी डाव्या कोपऱ्यात गेली, आणि पिवळा झोपतो तिथेच शिरली.

साडेसातला पिवळा आला. वाळूला पोट टेकलं, अंग वळवलं, आणि थबकला. मी बाटलीचा सापळा शोधायला उठणारच होते. आईने माझं मनगट धरलं. त्याने त्या जागेवर तीन घिरट्या घातल्या, एकदा वाळूला तोंड लावलं. मग तो वळला, चार फूट पोहत उजव्या कोपऱ्यात गेला, तिथली वाळू दोनदा तपासली, आणि डोकं खाली घातलं.

"सरकला," आई म्हणाली, आणि खुर्ची थोडी उजवीकडे घेतली.